अंगणात दगड घडवताना

पाटा-वरवंटा, जाते, उखळ, खलबत्ता, जोत्याचे चिरे, उंबरठ्याची शिळा : दगड हा आपल्या घरातला जुना रहिवासी. पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारोदार फिरत, तेव्हा दगडाचे काम अंगणात बसून चालते हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असे. आता मिक्सर आला, पाटा माळ्यावर गेला. उलट हौस म्हणून दगडावर छिन्नी चालवून पाहणारे लोक अधूनमधून भेटू लागले आहेत. काही शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला एखादा सोपा दगड कोरून घ्यावा, असाही विचार पुढे येतो. छिन्नी-हातोडा बाजारात मिळतो, दगडाचे तुकडे फरशीच्या दुकानामागे पडलेले असतात. प्रश्न उरतो तो जागेचा.

‘घरात कचरा नको, म्हणून बाहेर बसा’ असे त्याचे उत्तर बहुधा दिले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. खाली पडलेला कचरा झाडून टाकता येतो. जो कचरा खाली पडतच नाही, त्याच्यासाठी बाहेर बसायचे असते. या लेखात आम्ही घराच्या किंवा शाळेच्या अंगणात दगड घडवण्याची जागा कशी मांडावी, हे पाहणार आहोत. तिच्या मांडणीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट धुळीच्या गणितावरून ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

धुळीचे गणित

छिन्नीचा घाव बसला की तीन प्रकारचा माल सुटतो : उडणाऱ्या कपच्या, खाली सांडणारी भरड आणि हवेत राहणारी बारीक धूळ. यांतले किती वेळात खाली येते, हे कणाच्या आकारावर ठरते. हवेतून पडणाऱ्या कणाला गुरुत्वाकर्षण खाली ओढते आणि हवेची श्यानता विरोध करते. दोन्ही बले समान झाली की कण एका स्थिर वेगाने पडू लागतो. यालाच अंत्य वेग म्हणतात. लहान गोल कणांसाठी हा वेग काढण्याचा नियम जॉर्ज स्टोक्स याने १८५१ साली मांडला. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात तो येतोच. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की अंत्य वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला, तर वेग चौथाई होतो.

दगडाची घनता दर घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅम धरून आकडे काढू. ५ मायक्रॉन व्यासाचा कण सेकंदाला सुमारे २ मिलिमीटर या वेगाने पडतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तोंडाच्या उंचीपासून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीपर्यंत यायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाचा वेग याच्या पंचविसावा हिस्सा, म्हणून त्याला पाच तास लागतात. १०० मायक्रॉनच्या कणाला स्टोक्सचा नियम नीट लागू पडत नाही. तो प्रत्यक्षात सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने पडतो आणि तीन सेकंदांत जमिनीवर येतो.

हे झाले अगदी स्तब्ध हवेतले गणित. पण अशी हवा कुठे असते? खोलीत माणूस नुसता चालला तरी हवा सेकंदाला कित्येक सेंटिमीटर हलते. त्यापुढे २ मिलिमीटरची पडण्याची गती काहीच नाही. म्हणजे बंद खोलीत सकाळी केलेल्या कामाची बारीक धूळ दुपारीही हवेत असते. जी खाली बसली असेल ती केरसुणीच्या पहिल्या फटकाऱ्याने पुन्हा वर येते.

आता हीच धूळ मोकळ्या अंगणात सुटली असे समजू. वारा सेकंदाला एक मीटर, म्हणजे झाडाची पाने जेमतेम हलवणारा, असला तरी ५ मायक्रॉनचा कण साडेबारा मिनिटांत साडेसातशे मीटर दूर जातो. वाटेत धूळ पसरते, विरळ होते. बाहेर बसण्याचा खरा फायदा हा आहे. मात्र वारा धूळ नाहीशी करत नाही, फक्त पातळ करतो. शेजारचे घर दहा मीटरवर असेल, तर तिथपर्यंत ती पुरेशी पातळ झालेली नसते, हेही ध्यानात ठेवावे.

बारीक कण इतके महत्त्वाचे का?

नाकातील केस आणि श्वासनळीतील चिकट स्राव मोठ्या कणांना अडवतात. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे भक्षक पेशी त्यांना गिळतात. कण जंतूचा असेल तर तो पचतो. तो स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा असेल, तर पचत नाही. उलट पेशीच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. त्याला दुसरी पेशी गिळते, तीही मरते. या चक्रात आजूबाजूच्या ऊतीला सूज येत राहते आणि तिथे व्रणासारखे कठीण तंतू तयार होतात. फुप्फुसाची लवचिकता जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा वर्षानुवर्षे धूळ घेतल्यावर दिसतो, काम सोडल्यानंतरही वाढू शकतो आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतूही लवकर शिरकाव करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली.

शिक्षकांना यातले एक उदाहरण विशेष जवळचे वाटेल. पाटीवर लिहायच्या पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीच्या दगडातून कापल्या जात. तिथल्या कामगारांची १९८० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. गुजरातमध्ये खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांतही हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. वालुकाश्म कोरणाऱ्या आणि खाणीत काम करणाऱ्या मजुरांत हा रोग इतका पसरला, की राजस्थान सरकारला २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आखावे लागले.

हौशी माणूस आठवड्यातून दोन तास काम करील. कामगाराच्या रोजच्या आठ तासांशी त्याची तुलना होत नाही, हे खरे. पण १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला नोंद करावयाच्या रोगांच्या यादीत घातले होते, आणि अंगणात मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तिथे आपणच आपले निरीक्षक.

कोणता दगड घ्यावा?

इथे एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे. आपल्या काळ्या दगडाचे, म्हणजे बसाल्टचे, रासायनिक विश्लेषण पाहिले तर त्यात सिलिका सुमारे ५० टक्के दिसते. म्हणून तो धोक्याचा, असे वाटते. पण ही सिलिका फेल्डस्पार आणि पायरॉक्झिन या खनिजांत इतर मूलद्रव्यांशी बांधलेली असते. मोकळे क्वार्ट्झ बसाल्टमध्ये फारच थोडे असते किंवा नसतेच. फुप्फुसाला त्रास देते ते मुख्यतः मोकळे, स्फटिकरूप सिलिका. मात्र बसाल्टमधल्या पोकळ्यांत अनेकदा गारगोटी किंवा अकीक भरलेला असतो. असा पांढरे डोळे असलेला तुकडा घेऊ नये.

दुसरा गोंधळ मऊपणाचा. मऊ दगड म्हणजे निर्धोक, असा समज असतो. कठीणपणा आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामातले हलके, सच्छिद्र सिपोरेक्ससारखे ठोकळे चाकूनेही कोरता येतात, म्हणून नवशिक्याला ते सुचवले जातात. पण ते दळलेली वाळू किंवा राख, चुना आणि सिमेंट यांपासून बनतात आणि त्यांच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असू शकते. वालुकाश्मही छिन्नीला सहज दाद देतो, पण त्यात बहुतांश क्वार्ट्झच असते. नवशिक्याने तो टाळावा. ग्रॅनाइट कठीणही आणि क्वार्ट्झने भरलेलाही. त्याच्या वाटेला जाऊच नये.

आमच्या मते पहिला दगड संगमरवराचा असावा. तो कॅल्साइटचा बनलेला असतो. मोहच्या मापावर त्याचा कठीणपणा ३, म्हणजे लोखंडी खिळ्याने त्यावर ओरखडा उठतो. फरशीच्या दुकानात ग्रॅनाइट आणि संगमरवर शेजारी शेजारी असतात, म्हणून ओळख पटवून घ्यावी. दगडावर खिळ्याने थोडी पूड काढावी आणि तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे. ज्या दगडाने काचेवर ओरखडा उठतो, तो परत ठेवून द्यावा. शहाबादी फरशीही चुनखडकच आहे. थरांचा दगड असल्याने तिच्यावर उठावाची अक्षरे, वेलबुट्टी बरी जमते. तिच्यात थोडीफार सिलिका असते, म्हणून ती ओलीच कोरावी.

शंखजिऱ्याचा दगड सर्वांत मऊ, त्यातल्या टाल्कचा कठीणपणा १. याच जातीच्या, खाणीतून काढल्यावर मऊ असणाऱ्या दगडामुळे कर्नाटकातील बेलूर आणि हळेबीडच्या मूर्तींवर बाराव्या शतकात दागिन्यांचे नाजूक काम करता आले. त्याचा धागेदार, तंतू सुटणारा तुकडा मात्र घेऊ नये, कारण ते तंतू ॲस्बेस्टॉसच्या जातीचे असू शकतात. कोकणातल्या वाचकांच्या दारात जांभा असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पे त्याच्यावरच कोरलेली आहेत. त्याचा पोत जाडाभरडा असल्याने ठळक आकारच निघतात, आणि त्यातले क्वार्ट्झचे प्रमाण जागेनुसार बदलते.

आकाराचेही गणित आहे. १५ सेंटिमीटर बाजूचा संगमरवरी घन सुमारे ९ किलो भरतो. बाजू दुप्पट केली की वजन आठपट, म्हणजे ७३ किलो होते. पहिला दगड एका माणसाला पाठ न दुखवता उचलता यावा एवढाच असावा.

जागा आणि वारा

आता जागा निवडू. एक उदबत्ती घ्यावी. अंगणात चार-पाच ठिकाणी, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ती धरून धूर कोणीकडे जातो हे आठवडाभर टिपून ठेवावे. समुद्राजवळच्या गावात सकाळचा आणि दुपारचा वारा बहुधा उलट दिशांचा असतो, हे या नोंदीत लगेच दिसेल. जिथे धूर एकाच दिशेने सरळ वाहतो ती जागा चांगली. जिथे तो घुटमळतो, गोल फिरतो, ती वाईट. भिंतींच्या कोपऱ्यात असे भोवरे हमखास असतात. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी, विहीर, वाळवण किंवा शेजाऱ्यांचा ओटा नसावा.

वाऱ्याकडे पाठ करून बसावे, म्हणजे धूळ पुढे निघून जाईल, असे वाटते. इथे निसर्ग फसवतो. नदीतल्या खांबाच्या खालच्या अंगाला पाणी उलटे वळून भोवरा होतो, तसाच आपल्या अंगापुढे हवेचा भोवरा होतो आणि तो धूळ उलट तोंडाकडे आणतो. म्हणून वारा डाव्या किंवा उजव्या बाजूने येईल असे आडवे बसावे. हेही उदबत्ती दगडाच्या जागी ठेवून पडताळता येते.

सावली हवी, पण भिंती नकोत. चार बांबूंवर उंच तट्ट्या किंवा शेडनेट पुरे. कपच्या उडून कोणाला लागू नयेत म्हणून समोर एका बाजूला ओले किंतान टांगावे, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

उजेडाचाही विचार करावा. डोक्यावरच्या दुपारच्या उन्हात उठाव सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड आला की मिलिमीटरभर खोलीचीही सावली पडते आणि चूक कुठे आहे ते दिसते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे पाहावे, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

बैठक : वाळूचे काम

पाथरवट जमिनीवर बसून, दगड पायांनी धरून काम करतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते जमते. पण यात तोंड दगडाच्या अगदी जवळ येते. नव्या माणसाने उभे राहून, कोपरापेक्षा थोड्या खाली येईल अशा उंचीवर दगड ठेवावा. वाळूने भरलेले पत्र्याचे पिंप हा सर्वांत स्वस्त आणि भक्कम पाट. त्यावर स्कूटरचा जुना टायर ठेवून त्यातही वाळू भरावी आणि वाळूत दगड बसवावा.

वाळूच का? दगड दाबाला फार बळकट असतो, पण ताणाला दुबळा. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या ते विसाव्या हिश्शाइतकीच असते. दगड दोन लाकडांवर टेकवून मध्ये घाव घातला, तर तो किंचित वाकतो, खालच्या बाजूला ताण येतो आणि तडा तिथून सुरू होतो. वाळू मात्र दगडाला सगळीकडून टेकू देते, म्हणून तो वाकत नाही. शिवाय ती घावाचा हादरा आणि आवाजही शोषते.

हाच दुबळेपणा आपल्या उपयोगाचाही आहे. छिन्नी सरळ उभी धरली तर दगड फक्त दाबला जातो, घाव फुकट जातो आणि पीठ तेवढे होते. तिरपी धरली तर पुढच्या भागावर ताण येऊन कपची सुटते. कपची मोठी म्हणजे धूळ कमी. कडेजवळ मात्र छिन्नीचा रोख कडेकडून आतल्या बाजूला असावा. बाहेरच्या बाजूला मारले की कडच उडते.

हत्यारे

एक टोकदार टाकी, एक दात्यांची छिन्नी, एक सपाट पात्याची छिन्नी, पाऊण ते एक किलोचा हातोडा, एक कानस, गुण्या आणि थोडे वॉटर पेपर : एवढ्यावर पहिले वर्ष निघते. टाकीने मोठा भाग काढायचा, दात्यांच्या छिन्नीने पृष्ठभाग समपातळीवर आणायचा, सपाट छिन्नीने आकार द्यायचा. टाकी बोथट झाली की लोहाराकडून शेवटून, पाणी देऊन आणावी. पाणी जास्त झाले तर टोक ठिसूळ होऊन तुटते, कमी झाले तर वळते. ठोकून ठोकून छिन्नीच्या डोक्याला फुलासारख्या कडा सुटतात. त्या घासून टाकाव्यात, नाहीतर त्यांचाच तुकडा उडून लागतो. डोळ्यांवर बाजूनेही बंद असलेला चष्मा प्रत्येक घावाला हवाच.

विजेवर चालणारा ग्राइंडर आम्ही या यादीत मुद्दाम घातलेला नाही. १०० मिलिमीटर चकतीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटर, ताशी दोनशे किलोमीटर होतो. छिन्नी दगड फोडते, चकती तो दळते. तासाभरात हाताने होईल त्याच्या कितीतरी पट बारीक धूळ ती काही मिनिटांत करते. अंगणात विजेचे यंत्र आणि पाणी एकत्र आणण्यात शॉक बसण्याचाही धोका आहे.

पाणी आणि गाळ

दगड ओला ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय. ओल्या पृष्ठभागावर सुटलेले कण एकमेकांना चिकटतात आणि मोठ्या कणांसारखे वागतात, म्हणजे सरळ खाली पडतात. झाडांवर पाणी फवारायची बाटली जवळ ठेवून दर पाच-दहा घावांनी शिंपडावे. कानस आणि वॉटर पेपर तर ओलेच वापरावेत. पण ओली धूळ वाळली की पुन्हा धूळच. म्हणून काम संपताच, वाळण्यापूर्वी, जागा धुवावी. सुकी केरसुणी फिरवू नये.

हे पाणी गटारात सोडू नये. गाळ बसून गटार तुंबते. ते बादलीत जमवावे. पाण्याची श्यानता हवेपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे ५ मायक्रॉनच्या कणाला पाण्यात १० सेंटिमीटर खाली बसायला सव्वा तास लागतो. रात्रभर बादली ठेवली की वरचे पाणी बरेचसे नितळ मिळते. ते पुन्हा फवाऱ्यात किंवा झाडांना वापरावे आणि गाळ ओला असतानाच पिशवीत भरून पुरावा.

राहिला मुखवटा. नाकाला बांधलेला रुमाल भरड धूळ अडवतो. बारीक धूळ त्याच्या विणीतून आणि कडांच्या फटींतून आत जाते. २०२० च्या साथीत सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मुखवटा नाकाशी घट्ट बसवून वापरावा. मात्र मोकळी जागा, वारा आणि पाणी यांच्यानंतर मुखवट्याचा क्रम लागतो. त्यांच्याऐवजी तो चालत नाही. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, घरात झटकू नयेत, भिजवून धुवावेत.

शाळेत करून पाहण्यासारखे

लहान वर्गांना प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा, तोही ओलसर असताना, कोरायला द्यावा. दगड नववीनंतर, शिक्षकासमोर, एका वेळी दोघांनीच. पण त्याआधीचे सगळे काम वर्गभर मुले करू शकतात. शाळेच्या आवाराचा उदबत्तीने वाऱ्याचा नकाशा काढावा. अंधाऱ्या खोलीत कवडशात डस्टर झटकून धूळ किती वेळ दिसते ते घड्याळावर मोजावे. बाटलीत माती ढवळून दर दहा मिनिटांनी गढूळपणाची पातळी खुणेने नोंदवावी आणि स्टोक्सच्या नियमाशी ताडून पाहावी. दुकानातून आणलेल्या पाच दगडांची खिळा, काच आणि लिंबू घेऊन ओळख पटवावी.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या घावांची धूळ कोणी सोसायची, हा प्रश्न म्हणीत नाही. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला मूर्ती घडवणारे कारागीर असतील, तर मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. ते वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसले आहेत, दगड ओला आहे की कोरडा, नाकावर काय आहे, छिन्नी आहे की ग्राइंडर, आणि वाऱ्याच्या पुढच्या बाजूला त्यांची लहान मुले खेळत आहेत का, हे मुलांनी पाहावे आणि टिपून ठेवावे. कारागिरांना उपदेश करू नये. दगडाची जाण त्यांना आपल्याहून कितीतरी अधिक आहे. पण उदबत्तीचा प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवावा आणि फवाऱ्याची एक बाटली तिथे ठेवून यावी.